बचनाग

"मॅडम, नागाची केस येतेय," असा फोन आला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. सिस्टरनी प्रतिविषाच्या १० कुप्या लगेच काढून ठेवल्या. ग्रामीण रुग्णालयं अशा सिस्टरांच्या जिवावर चालतात, हे एकदा लिहून ठेवायलाच हवं.

गाडीतून उतरवलेल्या माणसाच्या अंगावर दंश नव्हता, पापण्या जड झालेल्या नव्हत्या. तो नुसता ओकत होता. भाऊ म्हणाला, "चावला नाही हो. बचनाग खाल्लाय." करांदे खणताना कुंपणाकडचा भलताच कंद टोपलीत आला होता. दिवाळीनंतर वेल वाळून जातो, मग पान नाही, फूल नाही, ओळखायचं कशावरून? रात्री ८ वाजता उकडून खाल्ला आणि पहाटे ४ ला उलट्या-जुलाब सुरू झाले.

बचनाग म्हटल्यावर माझ्या डोक्यात ॲकोनाइट आलं, म्हणजे बचनागाच्या मुळातलं विष. ते हृदयाचे ठोके बिघडवतं, काही तासांत माणूस नेतं, आणि त्यावर उतारा नाही. मी दिवसभर मॉनिटरपासून हलले नाही. सलाइन चालू, विष शोषून घ्यायला नळीवाटे कोळशाची पूड एकदा, दर तासाला ईसीजी. चोवीस तास उलटले आणि एकही ठोका वाकडा पडला नाही. उलट्याही ओसरल्या. माणूस वाचवला, असं मला खरंच वाटलं. भाऊ घरी न्यायची घाई करत होता. मी डिस्चार्जचा कागद पुढे ओढला.

उरलेला कंद आणा, असं मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पोलिसांच्या धास्तीने लोक नेमका तोच फेकून देतात. पण त्याच्या बायकोने तो पदराच्या गाठीत बांधून आणला. बोटाएवढा जाड, मधेच काटकोनात वळलेला, थेट नांगरासारखा. वॉर्डातल्या मावशींनी एकदाच बघितला. "मॅडम, ही कळलावी. गौरीला फुलं आणतो ना, पिवळी-तांबडी, ज्वाळेसारखी, तिचंच मूळ हे."

आमच्याकडे कळलावीला खड्यानाग म्हणतात आणि कुठे कुठे बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, सह्याद्रीत उगवतच नाही. त्याचं संस्कृत नाव वत्सनाभ, म्हणजे वासराची बेंबी, मुळाच्या आकारावरून पडलेलं. बोलता बोलता वत्साचा बच झाला, नाभीचा नाग झाला. ज्याला आम्ही फोनवर साप समजलो तो मुळात साप नव्हताच, वासरू होतं! आणि तेच नाव कोणीतरी कुंपणावरच्या वेलीलाही देऊन टाकलं. विषांच्या याद्या छापणाऱ्यांनी निदान दोन्हींच्या चित्रांसह छापावं. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात नुसतं 'बचनाग' आहे.

दोन विषांची घड्याळं उलटी चालतात. ॲकोनाइटचा धोका बहुधा पहिल्या दिवसात सरतो. कळलावीतलं कोल्चिसिन पहिल्या दिवशी पोट बिघडवतं, मग जरा उसंत देतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मूत्रपिंड, यकृत, हाडांतला मगज धरतं. मी घरी पाठवत होते ते त्या उसंतीत.

डिस्चार्जचा कागद फाडला, त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं. चौथ्या दिवशी तिथून फोन आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १,२०० पर्यंत उतरल्या. मग हळूहळू सावरला.

मला छळतात ते मधले आठ तास. रात्री ८ ला खाल्लं, पहाटे ४ ला उलटी. ॲकोनाइट इतका वेळ थांबत नाही. तोंडाला मुंग्या येणं ही त्याची खूण. त्या आल्या का, हे मी विचारलं होतं, तो नाही म्हणाला होता, मी ते केसपेपरवर लिहिलंसुद्धा होतं. तिथेच थांबून कळलावी ओळखली असती तर कोळसा एकदाच न देता पुन्हा पुन्हा दिला असता. पेशी एवढ्या खाली गेल्या असत्या का? उत्तर मिळायचं नाही.

तीन आठवड्यांनी तो तपासायला आला. डोक्यावरचा टॉवेल काढला तर एक केस शिल्लक नव्हता. परत येतील, म्हटलं. त्याची बायको शेजारी उभी होती, म्हणाली, "कुंपणाची सगळी वेल खणून जाळली. गौरीला आता फुलं दुसरीकडून आणू."

तो कंद बरणीत घालून मी अपघात कक्षातल्या फडताळात ठेवलाय. चिठ्ठीवर काय लिहू, म्हणून सिस्टरनी विचारलं. आधी कळलावी लिहायला सांगितलं, खाली खड्यानाग. त्याखाली बचनागही लिहा म्हटलं, कारण पुढचा भाऊ येऊन तेच सांगणार आहे.