शाळा मनपाची, पोरं आपली
आमच्या पुण्यात, धनकवडीतल्या मनपा शाळेत शनिवारी हार्डवेअरवाले काका स्वतः मुलींच्या बाथरूमचा गळका नळ बदलत होते, वॉशर, टेफलॉन टेप सगळं दुकानातलंच, बाईंनी बिल विचारलं तर म्हणाले "अहो, पोरगी चौथीत आहे माझी, कसलं बिल!" स्टेशनरीवाल्या ताईंनी अप्पा बळवंत चौकातून होलसेल रेटनी वह्या आणून दिल्या, त्यांचा मुलगा पण इथंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत असं आहेच, पण नुसत्या सह्या ठोकणारे पालक वेगळे आणि पाना घेऊन येणारे वेगळे राव. फोटोपुरते येणारे तर सोडाच. आता पंखे राहिलेत, इलेक्ट्रिशियनची पोरं इंग्लिश मीडियमला, त्यामुळे तो पैसे घेणार, घेऊ दे.