मुलीचा बायोडाटा नक्की किती ग्रुपवर फिरतोय?

सायबर फ्रॉड म्हटलं की आपल्याला ओटीपी आठवतो, डिजिटल अरेस्ट आठवते, फोन लावल्यावर वाजायची ती सावधगिरीची सूचना आठवते. लग्नाचा बायोडाटा कोणालाच आठवत नाही. पण मी काही वर्षं झाली आमच्या इथल्या वधू-वर मेळाव्याचे फॉर्म तपासायचं आणि पुस्तिकेचं काम बघतेय, आणि माझं आता अगदी ठाम मत झालंय की इंदूरच्या मराठी घरांतून जेवढी खासगी माहिती ह्या एका कागदाने बाहेर जाते तेवढी दुसऱ्या कशानेच जात नसेल. हॅकर वगैरे लागतच नाही, आपणच पाठवतो, आणि फार प्रेमाने, फार आशेने पाठवतो, म्हणून तर हे सगळं बोलायला अवघड जातं.

एक साधा बायोडाटा घ्या. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, उंची, रक्तगट, शिक्षण, कंपनीचं नाव, हुद्दा, वर्षाचं पॅकेज, वडील कुठल्या खात्यातून रिटायर झाले, आईचं नाव, मामांचं आडनाव आणि गाव, आत्या कुठे दिल्या, घर स्वतःचं आहे का, प्लॉट आहे का, शेती आहे का, खाली घरनंबरासकट पत्ता, दोन मोबाईल नंबर आणि तीन फोटो. बँकेत खातं उघडताना पण मामाचं गाव आणि रक्तगट विचारत नाहीत हो.

आता ह्यातलं काय कुठे चालतं बघा. ई-आधारची पीडीएफ डाउनलोड केली की तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. कितीतरी बँकांच्या क्रेडिट कार्ड स्टेटमेंटचा पासवर्ड पण असाच, नाव आणि जन्मतारीख जोडून केलेला. आईचं माहेरचं आडनाव हा तर जगभरातला जुना सिक्युरिटी प्रश्न, आणि आपल्याकडे ते मामाकुळ म्हणून ठळक टायपात छापलेलं असतं. शिवाय पिन म्हणून जन्माचं साल ठेवणारी माणसं तुमच्या घरात किती आहेत ते आज संध्याकाळी जरा विचारून बघा.

पण मला खरी काळजी पासवर्डची नाही वाटत. मला काळजी वाटते ती फोनवरच्या त्या पहिल्या वाक्याची. नमस्कार काका, आपल्या ताईंचा बायोडाटा बघितला, मामा उज्जैनचे ना, तुम्ही इरिगेशनला होतात ना, असं म्हणणारा माणूस आपल्याला परका वाटतच नाही. त्याने चार खऱ्या गोष्टी सांगितल्या की पाचवी खोटी गोष्ट आपण तपासत नाही, ती आपोआप खरी होऊन जाते. आणि त्या चार गोष्टी त्याला आपल्याच कागदातून मिळालेल्या असतात.

हे आपल्याकडे जास्त होतं त्याला कारणही आहे. होळकरांच्या राज्यात इथे आलेली घरं, तशीच देवास-धारला पवारांबरोबर, ग्वाल्हेरला शिंद्यांबरोबर, बडोद्याला गायकवाडांबरोबर गेलेली. सगळीकडे थोडी थोडी माणसं. आपल्या शहरात आपल्यातली स्थळं मोजकीच, त्यातली अर्धी नात्यातली निघतात, मग बायोडाटा जबलपूर, नागपूर, पुणे असा दूरपर्यंत पाठवावाच लागतो. पूर्वी पण पाठवायचेच की. रामबागेत, लोकमान्य नगरात अशा एखाद्या काकू असायच्या ज्यांच्याकडे स्थळांची वही असायची, आणि कोणी नंबर मागायला आलं की त्या आधी विचारायच्या, कोणासाठी हवंय, मुलगा काय करतो, तुम्हाला कोणी पाठवलं. उत्तर पटलं तरच वही उघडायची. तेव्हा आपल्याला ते जरा चौकसपणाचं वाटायचं, आज लक्षात येतं की सगळी राखण त्या प्रश्नांमध्येच होती. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात आणि त्यातला एकही जण कोणाला काही विचारत नाही, फक्त फॉरवर्ड करतो.

आमच्याकडे फॉर्म भरायला आलेली एक मुलगी, इथल्याच एका आयटी कंपनीत आहे, ती मला हळूच म्हणाली, "ताई, माझा पगार माझ्या टीममधल्या एका मुलाला माहितेय. त्याच्या मावशीच्या ग्रुपवर माझा बायोडाटा आला होता." ऑफिसमध्ये कोणाचा पगार कोणाला सांगायचा नाही असं असतं, तिने कधीच सांगितला नव्हता. त्या मुलाने काही वाईट केलं नाही, फक्त एकदा जेवताना हसत हसत आकडा बोलला. पण ती म्हणाली की त्या दिवसापासून मीटिंगमध्ये बोलताना मला सारखं वाटतं की ह्याला माझी उंची माहितेय, जन्मवेळ माहितेय, माझ्या बाबांचं पेन्शन माहितेय. ह्यात एक रुपया गेला नाही, पोलिसांकडे जायचं कारण नाही, कुठल्या आकडेवारीत हे कधी येणार नाही, आणि तरी त्या मुलीचं काहीतरी गेलंच ना? आणि तिला बायोडाटा कुठे पाठवायचा हे कोणी विचारलंच नव्हतं. आईने पाठवला, आईच्या मैत्रिणीने पुढे पाठवला, सगळ्यांचा हेतू चांगलाच.

दुसरी गोष्ट पैशांचीच आहे. सुदामा नगरातले एक काका, रिटायर्ड, शिस्तीचे. परदेशातल्या डॉक्टर मुलाच्या काकांचा म्हणून फोन आला, मग मुलाशी चॅट, मग मुलाने होणाऱ्या सासरच्यांसाठी गिफ्ट पाठवलं, मग ते गिफ्ट एअरपोर्टवर अडकलं आणि कस्टम ऑफिसरचा फोन. ड्युटी भरा, मग पेनल्टी भरा, मग अजून कसलं सर्टिफिकेट. काका भरत राहिले. कस्टमवाले कधीही फोन करून कोणाच्या खात्यात पैसे टाकायला सांगत नाहीत, आणि त्यांच्या पत्रावर एक डिन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, नोव्हेंबर २०१९ पासून, जो वेबसाइटवर टाकून खरा की खोटा बघता येतो. हे काकांना कोणी सांगितलं असतं तर? पण सांगणार कोण, त्यांनी घरात कोणाला काही बोलूनच दाखवलं नव्हतं. मुलीचं स्थळ आहे, आधी जमू दे मग सांगू, आणि नंतर, फसलोय कळल्यावर, मुलीचं स्थळ आहे, बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तो लगेच करायचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यांमध्ये पसरायच्या आत बँक ते अडवू शकते, तासातासाने शक्यता कमी होत जाते. काकांचे आठवडेच्या आठवडे लाजेत गेले. मला त्यांचा अजिबात राग येत नाही. मुलीचं लग्न हा माणसाच्या मनाचा सगळ्यात हळवा कोपरा आहे आणि हे लोक बरोबर तिथेच हात घालतात.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डेटा प्रोटेक्शनचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यात एखाद्या माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेली माहिती येत नाही, म्हणजे मावशीने बहिणीला पाठवलेला बायोडाटा त्यात बसायचा नाही. पण फॉर्म भरून घेणारं मंडळ, पैसे घेऊन स्थळं दाखवणारा ब्युरो, ह्यांनी स्वतःला मावशी समजू नये असं मला वाटतं. कशासाठी घेतो ते सांगा, तेवढ्यासाठीच वापरा, काम झालं की पुसून टाका, ही त्या कायद्यातली मूळ गोष्ट आहे. लग्नाच्या वेबसाइट्ससाठी तर जून २०१६ मध्येच सरकारने सूचना काढल्या होत्या, युजरची ओळख तपासा वगैरे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला ॲडमिनशिवाय कोणी वालीच नाही.

म्हणून आम्ही आमच्यापुरता फॉर्म बदलला. आता पुस्तिकेत आणि ग्रुपवर जे जातं त्यात वय असतं, जन्मतारीख नाही. शहर असतं, पत्ता नाही. काय काम करते ते असतं, कंपनीचं नाव नाही. पॅकेजचा आकडा नाही. फोटो एकच, लहान साइजचा, आणि त्याच्यावर आडवं मेळाव्याचं नाव आणि साल टाकलेलं, म्हणजे कोणी उचलून खोट्या प्रोफाइलला लावला तर लगेच दिसतं. मुलीचा नंबर कधीच नाही, आई-वडिलांचा पण नाही, आमच्या मंडळाचा एकच नंबर, आणि फोन करणाऱ्याला आम्ही तेच रामबागेतल्या काकूंचे प्रश्न विचारतो. बाकीची सगळी माहिती दोन्ही घरं हो म्हणाली की मग, थेट एकमेकांना. आधार बघायचंच असेल तर मास्क्ड आधार, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पत्रिकेवरून खूप वाद झाला. जन्मवेळ नाही तर गुण कसे जुळवणार? तर आमच्यातल्याच एका गुरुजींनी सांगितलं की गुणमेलनाला नक्षत्र आणि चरण पुरतं, नाडी, गण, योनी सगळं त्यावरूनच निघतं, मंगळाचं बघायचं असेल तर ते दुसऱ्या टप्प्यात कुंडली देऊन बघावं. तेवढ्याने अर्धा विरोध संपला.

उरलेला अर्धा विरोध असा होता की, "अहो ताई, एवढं झाकून ठेवलं तर लोकांना वाटेल मुलीत काहीतरी खोट आहे." हे मला एका वडिलांनी फार कळकळीने विचारलं आणि त्यांची भीती खोटी नव्हती, आपल्या समाजात कोरी जागा दिसली की लोक ती आपल्या मनाने भरतात. मी त्यांना म्हटलं काका, एकट्या तुमच्या मुलीचं कमी दिसलं तर वाटेल, सगळ्यांचंच सारखं असेल तर कोणाला काय वाटणार? म्हणूनच हे एकेका घराने करून भागत नाही, मंडळांनी, ब्युरोंनी, ग्रुपच्या ॲडमिननी मिळून करायला पाहिजे. देवास, ग्वाल्हेर, बडोद्याकडचे जे कोणी हे काम करत असतील त्यांना आमचा फॉर्म हवा असेल तर मी आनंदाने देईन.

जुन्या बायोडाटांचं काय हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पाठवणाऱ्याला व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करता येतं ते जेमतेम दोन दिवस, आणि ज्यांनी डाउनलोड केलं त्यांच्याकडे ते राहतंच. लग्न होऊन मूल झालेल्या मुलींचे फोटो अजून फिरतायत, त्यांच्या माहेरी अजून स्थळाचे फोन येतात. तुमच्या फोनमध्ये अशा पीडीएफ असतील तर कृपा करून आजच काढून टाका, आणि ज्या ग्रुपवर साखरपुडा झाल्याची बातमी येते तिथे अभिनंदनाबरोबर "बायोडाटा डिलीट केला" एवढं पण लिहा. आम्ही ते सुरू केलंय आणि लोक लिहितात, खरंच लिहितात.

पुढच्या मेळाव्याच्या फॉर्मवर आई-वडिलांच्या सहीच्या वर अजून एक सही आहे, मुलाची किंवा मुलीची स्वतःची, आणि समोर लिहिलंय की ही माहिती कुठे कुठे पाठवायला माझी हो आहे. ग्रुप, पुस्तिका, दुसऱ्या शहरातली मंडळं, प्रत्येकासमोर वेगळी खूण करायची. ती सही नसेल तर फॉर्म परत जाईल, मग घर कितीही ओळखीचं असो.