ठिबक कंट्रोलर, नोंद १४: रीसेटचा चोर पेटीच्या दारावर

मळ्यातलं ठिबक चालवणाऱ्या माझ्या ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर चिप) बोर्डाला तीन आठवडे छळणाऱ्या रीबूटचं कारण काल रात्री सापडलं!

मागच्या नोंदीत सिम८००एल या मोबाइल नेटवर्कच्या मॉड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता. हे मॉड्यूल ट्रान्समिट करताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, त्यामुळे तो इलाज बरोबरच होता आणि ब्राउनआउट (व्होल्टेज पडून होणारे रीसेट) थांबलेही. पण तासगावच्या मळ्यात बोर्ड दिवसातून दोन-तीनदा रीसेट होतच राहिला. दर वेळी द्राक्षबागेच्या पाण्याची पाळी मधेच तुटायची.

रीसेटचं कारण मी बूट होताना फ्लॅशमध्ये लिहितो. आधी ९ यायचा, म्हणजे ब्राउनआउट. आता सारखा १, म्हणजे पॉवर-ऑन. म्हणून सप्लायच्याच मागे लागलो. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) बदलला, टर्मिनल पुन्हा आवळले. मल्टिमीटर ३.३ वरून हलेना, पण क्षणाचा खड्डा त्याला दिसणारही नाही.

मग बोर्डाला जोडलेला डीएस३२३१, म्हणजे घड्याळाचा चिप, आठवला. त्याचा ऑसिलेटर थांबला की त्याच्यात एक बिट सेट होतो, म्हणजे १ होतो. त्याचा सेल काढला आणि घड्याळ बोर्डाच्याच ३.३ वर चालवलं. रीसेटनंतर वाचलं तर कारण १, बिट मात्र ०. म्हणजे सप्लाय गेलाच नव्हता! ईएसपी३२ची ईएन, म्हणजे चिप चालू-बंद करणारी पिन, खाली ओढली गेली तरी कारण पॉवर-ऑनच येतं. हा बिट वाचला त्या क्षणाचा आनंद अजून उतरलेला नाही.

(डीएस३२३१चं मॉड्यूल ५ व्होल्टवर साध्या सीआर२०३२ सेलसह वापरत असाल, तर चार्जिंगचा रेझिस्टर आधी काढा. तो सेल चार्ज करायचा नसतो.)

ईएन ओढतंय कोण, ते आबांमुळे कळलं. या आठवड्यात रात्रीची लाइट, त्यामुळे दोघंही पेटीजवळच होतो. आबा म्हणाले, "आरं, मोटर सुरू करताना काय हुत न्हाई. बंद केली की तुझा स्क्रीन जातोय बघ." मी सगळं लक्ष स्टार्टवर ठेवलं होतं. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची (मोठ्या रिलेची) कॉइल सुटताना व्होल्टेजचा मोठा झटका देते. आणि आबांना पेटी न उघडता रीसेट करता यावं म्हणून दारावर जे बटण बसवलंय, त्याची ईएनपासूनची दीड फूट वायर मी कॉइलच्या वायरींसोबत एकाच टायने आवळली होती. तीच अँटेना झाली.

मोटरच्या केबल सोडवून नुसता कॉन्टॅक्टर ५० वेळा चालू-बंद केला: ११ रीसेट. बटणाची वायर कापून पुन्हा ५० वेळा: एकही नाही.

आता हा झटका शोषायला कॉइलवर स्नबर लावायचा, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. माझ्याकडचे एक्स२ (मेन्सवर लावायचे) कपॅसिटर २७५ व्होल्टचे आहेत, कॉइल ४१५ची. सांगलीत एका दुकानात "चालतंय की" म्हणाले. नाही चालत. कॉन्टॅक्टरला बसणारा तयार सप्रेसरच घेणार आहे.

हे लिहितानाच सुचलं: दारावरचं बटण ईएनला हवंच कशाला? ते जीपीआयओवर, म्हणजे साध्या इनपुट पिनवर, घेतो आणि कोडमधून रीस्टार्ट करतो. मग कारण ३, म्हणजे सॉफ्टवेअर रीस्टार्ट, येईल आणि आबांनी कधी दाबलं तेही नोंदीत दिसेल. कोड अडकलाच तर आपोआप रीसेट करणारा टास्क वॉचडॉग आहे. ईएनला चिपजवळ १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, बाकी काही जोडायचं नाही.

रिले बोर्डावरचा जेडी-व्हीसीसी जंपरही (रिलेचा आणि इनपुटचा सप्लाय एकत्र जोडणारा) अजून तसाच आहे. तो असेपर्यंत दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणाऱ्या ऑप्टोचा काही उपयोग नाही. रिलेला वेगळा ५ व्होल्ट सप्लाय आजच काढून ठेवलाय, लाइट यायच्या आत बसवतो.