वाळूच्या टेकडीवरून पूरमैदानात: दक्षिण कॅरोलिनातील झाडांची ओळख

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात, पिडमाँट या पायथ्याच्या पठाराची तांबडी चिकणमाती संपून समुद्राकडे उतरत जाणारे मैदान जिथे सुरू होते, त्या पट्ट्यात दोन अगदी विरुद्ध स्वभावांची अरण्ये मोटारीने साधारण दीड तासाच्या अंतरावर आहेत. एक आहे मॅकबी गावाजवळचे कॅरोलिना सँडहिल्स वन्यजीव आश्रयस्थान, म्हणजे कोरड्या, पांढुरक्या वाळूवरचे जंगल. दुसरे कोलंबिया शहराच्या आग्नेयेस असलेले कॉन्गरी राष्ट्रीय उद्यान, जिथे नदीचे पाणी वर्षातून अनेकदा झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही ही दोन्ही ठिकाणे केवळ देशी झाडे ओळखण्यासाठी पाहिली. या प्रदेशात झाड ओळखताना पानाच्या आधी पायाखालची जमीन पाहावी, असे माझे मत या प्रवासानंतर पक्के झाले आहे, आणि पुढील सगळा तपशील त्याच क्रमाने दिला आहे.

सुरुवात सँडहिल्सपासून करावी, कारण वाळूवर टिकणारी झाडे थोडी असतात आणि नवख्याला ती लवकर लक्षात राहतात. वरच्या मजल्यावर लाँगलीफ पाइनचे राज्य आहे. त्याच्या सुया तिनाच्या जुडग्यात येतात आणि फूटभर किंवा त्याहूनही लांब असतात. शंकू वीतभर लांबीचे, आणि फांदीच्या टोकाची कळी जाड व रुपेरी-पांढरी असते. लॉबलॉली पाइनच्याही सुया तिनाच्याच जुडग्यात असतात, परंतु त्या बहुधा सहा ते नऊ इंचांच्या, कळी तपकिरी, आणि शंकू लहान पण हाताला चांगलाच टोचणारा असतो. दोघांबद्दल शंका आली तर सुयांची लांबी मोजत बसण्यापेक्षा कळीचा रंग पाहावा. लाँगलीफची रोपे पहिली काही वर्षे खोड न वाढवता जमिनीलगत गवताच्या ठोंबासारखी राहतात, आणि आजूबाजूला खरेच वायरग्रास नावाचे गवत असल्यामुळे ती नजरेतून सुटतात. ठोंबाच्या मध्यभागी रुपेरी कळी दिसली की तो पाइन समजावा. वणव्यात सुया जळाल्या तरी ती कळी वाचते, आणि म्हणूनच या जंगलात काही वर्षांच्या अंतराने मुद्दाम आग लावली जाते. काळवंडलेले बुंधे दिसले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. आग थांबली की खालचे ओक आणि झुडपे माजतात आणि लाँगलीफच्या रोपांना ऊन मिळेनासे होते. काही पाइनांवर पांढरा पट्टा रंगवलेला असतो. त्या झाडांत एका दुर्मीळ सुतार पक्ष्याच्या ढोली असतात, त्यामुळे त्यांच्यापासून दूर राहावे.

पाइनच्या खालचा थर ओकांचा आहे, आणि खरी मौज तिथे आहे. टर्की ओकचे पान टर्कीच्या पंजासारखे, खोल फाटलेले, टोकदार लोबांचे (म्हणजे पानाच्या सुट्या भागांचे) असते. या दिवसांत ते तांबूस-लाल होते, त्यामुळे दुरूनही ओळखू येते. त्याची पाने बहुतेक उभ्या कडेवर धरलेली दिसतात, जेणेकरून तापलेल्या वाळूवरून परावर्तित होणारे ऊन पानाच्या पसरट बाजूवर पडत नाही. ब्लॅकजॅक ओकचे पान टोकाकडे रुंद आणि चामड्यासारखे जाड असते, आणि त्याच्या खालच्या बाजूस गंजासारखी तपकिरी लव असते. वाळूखाली चिकणमातीचा थर वर आलेला असेल तिथे तो जास्त भेटतो. ब्लूजॅक ओकचे पान अरुंद, अखंड कडेचे आणि निळसर करडे असते. सँड पोस्ट ओकच्या लोबांची टोके गोल असतात. या चौघांच्या मधोमध बसणारे झाड दिसले तर त्याला नाव देण्याची घाई करू नये, कारण ओक जातींमध्ये संकर सर्रास होतो आणि तज्ज्ञांचेही तिथे मतभेद होतात.

याच वाळूत पर्सिमनची झाडे आहेत. आपल्याकडच्या टेंभुर्णीच्याच प्रजातिकुळातले हे झाड. काळपट सालीचे जाड चौकोनी तुकडे पाहून मराठी माणसाला ते परके वाटत नाही. सॅसाफ्रासची गोष्ट वेगळी: एकाच झाडावर अखंड, दोन भागांचे आणि तीन भागांचे अशी तीन प्रकारची पाने असतात, आणि चुरगळलेल्या पानाला स्वच्छ सुवास येतो.

सँडहिल्समधील सर्वांत शिकवणारी जागा मात्र टेकडीचा माथा नव्हे, तर उतार आहे. माथ्यावरून ओढ्याकडे उतरताना काही शे फुटांत टर्की ओक विरळ होतात, जमीन काळी आणि ओलसर होते, आणि पाँड पाइन, रेड मेपल, स्वँप टुपेलो, स्वीटबे अशी सर्वस्वी वेगळी मंडळी उभी राहतात. पाँड पाइनच्या खोडातूनच सुयांचे झुपके फुटलेले दिसतात. ही खूण पक्की आहे. स्वीटबे हा सोनचाफ्याच्या कुळातला. वारा आला की पानांची पांढरी पाठ उलटून दिसते, त्यामुळे ते झाड लांबूनच कळते. हा उतार सावकाश, परत एकदा वर चढून आणि पुन्हा उतरून पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण कॉन्गरीत हाच बदल इतक्या कमी उंचीत घडतो की डोळा तयार नसेल तर तो जाणवत नाही.

कॉन्गरीला 1976 मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि 2003 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रवेशशुल्क नाही. अभ्यागत केंद्रापासून सुमारे अडीच मैलांचा लाकडी फळ्यांचा वळसेदार मार्ग निघतो, आणि झाडे ओळखण्यासाठी तेवढा मार्ग पुरेसा आहे. सुरुवातीला उंच कडेवर बीच नावाची झाडे आणि लॉबलॉली दिसतात. तिथून खाली उतरताच चिखलात बॉल्ड सायप्रस आणि वॉटर टुपेलो शेजारी शेजारी उभे असतात, दोघांचेही बुंधे फुगलेले. सायप्रसच्या बुंध्याला खोल पन्हळी आणि तंतुमय, लालसर करडी साल असते, आणि भोवती लाकडी गुडघे जमिनीतून वर आलेले असतात. या गुडघ्यांचे नेमके काम काय, यावर अजून एकमत नाही. टुपेलोचा बुंधा तुलनेने गुळगुळीत फुगतो आणि त्याला असे गुडघे नसतात. नोव्हेंबरपर्यंत टुपेलोची पाने बरीच गळलेली असतात. सायप्रसच्या नाजूक सुया मात्र तांबूस होऊन गळायच्या बेतात असतात.

पुढे जमीन जेमतेम काही इंच ते दोनेक फूट वर येते आणि जंगल बदलते. स्वीटगमचे चांदणीच्या आकाराचे पान नवखे लोक मेपलचे समजतात. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर येतात आणि स्वीटगमची एकाआड एक, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ओकांमध्ये ओव्हरकप सर्वांत खोलगट जागी, लॉरेल ओक त्याहून किंचित वर, आणि चेरीबार्क व स्वँप चेस्टनट ओक त्याहूनही वरच्या, लवकर निथळणाऱ्या जमिनीवर असा साधारण क्रम आहे. ओव्हरकपची वाटी फळाला जवळजवळ पूर्ण झाकते. स्वँप चेस्टनटच्या पानाची कड मोठ्या गोलसर दात्यांची असते आणि साल फिकट, सोलपटणारी. शंभर फूट उंचीच्या झाडाचे पान हातात येत नसते, म्हणून खाली पडलेली पाने व एकॉर्न (ओकची फळे) पाहावीत, मात्र ती नेमकी कोणत्या खोडाची आहेत हे आजूबाजूच्या सालीशी ताडून घ्यावे. उद्यानातून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे.

सर्वांत मोठे आश्चर्य म्हणजे या ओल्या जमिनीत उभे असलेले प्रचंड लॉबलॉली पाइन. त्यांतील काही 160 फुटांहून उंच आहेत. 1989 च्या ह्यूगो वादळाने इथले अनेक जुने वृक्ष पाडले, आणि त्या मोकळ्या जागांत दाटलेली तरुण झाडी आजही वेगळी ओळखू येते. खालच्या थरात आयर्नवुडचे खोड पैलवानाच्या दंडासारखे पिळदार दिसते, आणि सीताफळाच्या कुळातल्या पॉपॉची लांबट, लोंबती पाने या सुमारास पिवळी पडतात.

वेळ आणि ताकद असेल तर नदीपर्यंतची पायवाट घ्यावी. जाऊन-येऊन ती 10 मैलांहून जास्त भरते. काठावरच्या वालुकामय बांधावर सिकमोर, कॉटनवुड, शुगरबेरी आणि बॉक्सएल्डर आहेत. बॉक्सएल्डरच्या रोपाला बरेचदा तीन पर्णिका असतात आणि पॉइझन आयव्हीलाही तीनच. बॉक्सएल्डरची पाने समोरासमोर, आयव्हीची एकाआड एक. आयव्हीच्या स्पर्शाने त्वचेवर दिवसेंदिवस टिकणारे पुरळ उठते, आणि तिचे केसाळ वेल मोठ्या झाडांच्या सालीला चिकटून चढतात, म्हणून साल हात लावून तपासण्याआधी खोड सर्व बाजूंनी पाहून घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ सर्वोत्तम आहे, कारण पाने, एकॉर्न आणि शंकू एकाच वेळी मिळतात आणि डास कमी झालेले असतात. उन्हाळ्यात डास असह्य होतात. सँडहिल्समध्ये शरद ऋतूत ठरावीक दिवशी हरणांच्या शिकारीला परवानगी असते, त्यामुळे तारखा आधी तपासाव्यात आणि भडक नारिंगी जाकीट घालावे. गोचिडींसाठी विजारीचे पाय मोज्यांत खोचणे हा साधा उपाय दोन्हीकडे उपयोगी पडतो. दुर्बीण पक्ष्यांसाठी नव्हे, तर वरच्या पानांसाठी न्यावी. ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपवर अवलंबून राहायचे असेल तर पानाच्या दोन्ही बाजू, साल, फळ आणि जमीन असे सगळे फोटो काढून घ्यावेत.

कॉन्गरीला निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर सीडर क्रीक या उद्यानातल्या ओढ्याची पाणीपातळी आणि फळ्यांच्या मार्गाची स्थिती पाहावी. पूर आकाश निरभ्र असतानाही येऊ शकतो, कारण पाणी वरच्या पाणलोटातून येते, आणि हिवाळ्यात व वसंताच्या सुरुवातीला त्याची शक्यता अधिक असते. मार्गाचा खालचा भाग पाण्याखाली असल्यास उंच कडेवरची पायवाट तरी चालून यावी. बीच, लॉबलॉली आणि अमेरिकन हॉली एवढे तिथे कोरड्या पायांनी पाहता येते.