लिस्बनहून फिरायला रेल्वे की भाड्याची गाडी? आणि परवान्यासाठी घातलेल्या खेपा

पोर्तुगालला जायचं ठरल्यावर घरात पहिला वाद झाला तो गाडीवरून. नवऱ्याचं म्हणणं, लिस्बनला उतरल्याबरोबर गाडी भाड्याने घ्यायची आणि रोज सकाळी एकेका गावाला निघायचं. गोव्यातला माणूस असाच विचार करणार. आपल्याकडे स्टेशन गावाबाहेर असतं. पणजीला जायचं तर करमळीला उतरायचं, म्हापशाला जायचं तर थिवीला, आणि पुढे घरचं कोणीतरी न्यायला यायला हवं.

लिस्बनचं तसं नाही. रोसियू स्टेशन शहराच्या अगदी मध्यात आहे. तिथून सिंत्राची लोकल सुटते आणि सुमारे ४० मिनिटांत पोचवते. समुद्रकाठच्या काश्काइशला काइश दु सोद्रे स्टेशनवरून जायचं, त्यालाही जवळपास तेवढाच वेळ. एव्होरा रेल्वेने दीड तासावर आहे आणि जुनं गाव स्टेशनपासून चालत गाठता येतं. या तिन्ही ठिकाणांसाठी भाड्याची गाडी घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. सिंत्राला तर मुळीच नको. पेना राजवाड्याकडे चढणारा रस्ता खाजगी गाड्यांना बंद असतो, म्हणजे गाडी खाली ठेवून शेवटी ४३४ नंबरची बसच पकडावी लागते. राजवाड्याच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते. पार्किंग शोधण्यात ती वेळ गेली की सगळा दिवस विस्कटतो.

गाडी हवी होती ती आल्कोबासा, बाताल्या, नाझारे आणि फातिमा ही चार गावं एका दिवसात करण्यासाठी. आल्कोबासा आणि बाताल्याला रेल्वेच नाही. फातिमा नावाचं स्टेशन आहे, पण ते तीर्थस्थानापासून सुमारे २० किलोमीटर लांब. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना बसेस बदलायला लावणं मला पटेना. म्हणून त्या एका दिवसापुरती गाडी, असं ठरलं. गाडीवाल्या कंपनीच्या अटींत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना सक्तीचा होता. तो इथूनच काढून न्यावा लागतो, आणि तिथे आमचं घोडं अडलं.

खरं तर काम साधं आहे. परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म ४ ए भरायचा, १००० रुपये फी भरायची, पासपोर्ट, तिकीट आणि इथला परवाना घेऊन वाहतूक कार्यालयात जायचं. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "व्हिजा खंय?" मी सांगितलं, व्हिसाचा अर्ज अजून करायचाय. "व्हिजा ना जाल्यार परमीट मेळचें ना." वर डॉक्टरचा दाखलाही आणा म्हणाल्या.

आता यातला पेच बघा. व्हिसाला अर्ज केला की मूळ पासपोर्ट तिकडे जमा होतो आणि व्हिसा होईपर्यंत हातात येत नाही. कार्यालयाला मूळ पासपोर्टही हवा आणि त्यावर व्हिसाही हवा. म्हणजे पासपोर्ट परत येईपर्यंत थांबायचं आणि मग निघायच्या तोंडावर खिडकीपाशी धावायचं. त्यात मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीच्या आगेमागे गोव्यात सरकारी काम कसं चालतं ते आपल्याला माहीत आहे. पुन्हा गेले तर सही करणारे साहेब रजेवर. नंतर गेले तर "सिस्टीम बंद आसा". प्रत्येक खेपेला अर्धी रजा. मला राग आला तो याचा, की खिडकीवरचं कोणीही हे लेखी द्यायला तयार नव्हतं. सगळं तोंडी.

घरी बसून नियम शोधला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलला आहे. आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज करताना वैद्यकीय दाखल्याची आणि व्हिसाची अट त्यात काढून टाकली आहे. ज्याच्याकडे इथला वैध परवाना आहे त्याला पुन्हा दाखला कशाला, आणि काही देश व्हिसा पोचल्यावरच देतात, हा त्यामागचा विचार. अधिसूचना छापून घेतली, त्या ओळीखाली रेघ मारली आणि सोबत एक अर्ज लिहिला : परवाना नाकारत असाल तर कारण लेखी द्यावं. तो घेऊन खिडकीवर न थांबता थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचलं, बाईंना आत बोलावलं आणि कागद पुढे सरकले. परवान्याची पुस्तिका हातात आली तेव्हा मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन केला. इतकं बरं वाटलं होतं.

तर तुमचा क्रम असा ठेवा : आधी हा परवाना, मगच पासपोर्ट व्हिसाला द्या. परवान्याची मुदत एक वर्षाची असते, पण इथला परवाना त्याआधी संपत असेल तर तो त्याच दिवशी संपतो. त्यामुळे इथला परवाना नूतनीकरणाला आला असेल तर ते आधी उरका.

लिस्बनमध्ये गाडी ताब्यात घेताना दोन्ही परवाने मागितले, इथलाही आणि ती पुस्तिकाही. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. गिअरच्या गाड्या स्वस्त, ऑटोमॅटिक महाग. तरी ऑटोमॅटिकच घ्या. स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यात डाव्या हाताच्या सवयीचा गिअर उजव्या हाताने टाकायचा, हे एका दिवसासाठी नको. काही महामार्गांवर टोलनाकाच नसतो, वरचे कॅमेरे नंबर टिपतात. गाडीत टोलचं यंत्र बसवलेलं आहे ना, हे किल्ली घेतानाच विचारा.

तो दिवस मात्र सोन्यासारखा गेला. आल्कोबासाच्या मठात राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या समाध्या पाय एकमेकांकडे करून समोरासमोर आहेत. सासूबाई तिथे बराच वेळ थांबल्या, कोणी घाई केली नाही. एवढ्यासाठी गाडीचा खर्च मला पटतो.

रेल्वेचं एक सांगायचं राहिलं. ६५ वर्षांवरच्यांना तिथे अर्धं तिकीट आहे, परदेशी माणसालाही. पासपोर्ट दाखवायचा. आमच्या सासूबाई गोवा मुक्तीआधी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या, एव्होराचं तिकीट त्यांनी स्वतः खिडकीवर मागून घेतलं. आणि निघायच्या आदल्या रात्री रेल्वेचा संप नाही ना, हे नक्की बघा. तिथे संप होतात, पण आधी जाहीर करून.