घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

घोटा मुरगळला की कोणीतरी पाय मांडीवर घेऊन चोळायला बसतंच. पहिले २-३ दिवस नेमकं हेच टाळायचं. पाऊल आत वळल्यावर घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणतं, त्याचे काही धागे तुटतात आणि आत रक्त झिरपत राहतं. चोळण्याने, गरम शेकाने सूज वाढते.

लिगामेंट हाडाला हाड बांधतं. त्याला इजा झाली की आपण मुरगळलं म्हणतो. पोटरीत किंवा मांडीच्या मागे लचक भरते तेव्हा ताणलेला असतो तो स्नायू. सुरुवातीचे उपाय दोन्हीकडे सारखेच.

घोट्याच्या बाबतीत आधी हाडाची खात्री करा. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा दाबा, आणि आतल्या बाजूचाही. यांपैकी कुठेही हाडावरच दुखलं, किंवा लंगडतसुद्धा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. नुसत्या सुजेवरून काही ठरत नाही.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दर २-३ तासांनी. त्याने दुखणं कमी होतं, पण लिगामेंट लवकर जुळतं असं नाही. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर न्या, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून टाचेभोवती आठच्या आकड्यात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. मग अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर पट्टी आवळली गेलीय, सोडून पुन्हा बांधा. वरून सुरुवात केली तर सगळी सूज पावलात उतरते, ही चूक फार जण करतात.

दोन-तीन दिवसांनी सोसेल तितकं चालायला लागा. पंधरा दिवस पलंगावर काढले तर घोटा आखडतो, पोटरी बारीक होते.

आता खरा मुद्दा. सूज उतरली की लोक थांबतात. पण पाऊल कुठे, किती कलतंय हे मेंदूला कळवणारे मज्जातंतू त्या लिगामेंटमध्येही असतात, आणि ते आपोआप पूर्ववत होतीलच असं नाही. म्हणून दुखणं कमी झालं की दात घासताना दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा, जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या उशीवर (जवळ भिंत असू द्या). निदान सहा आठवडे, रोज. त्या पायावर सलग दहा उड्या न डगमगता मारता येईपर्यंत खेळायला उतरू नका. उतरलात तरी सुरुवातीचे काही महिने घोट्याला लेसने आवळायचा आधारपट्टा (ब्रेस) हवा.