तुम्ही विचारलंत म्हणून: ते शिफ्ट एफ थ्री

फोर्टला आमचं छोटंसं ऑफिस आहे, लिव्ह अँड लायसन्स, अ‍ॅफिडेव्हिट, सोसायट्यांचे ठराव असलं टायपिंग दिवसभर चालतं. शेजारी कोणी बसलं असेल तर हमखास विचारतं, ताई आत्ता सगळं कॅपिटल होतं ना, स्मॉल कसं झालं, परत टाइप तर नाही केलंत? तुम्ही पण परवा विचारलंत आणि मी घाईत नुसतं "शिफ्ट एफ थ्री" म्हणून फोन ठेवला, म्हणून आता नीट सांगते.

वर्डमधे मजकूर सिलेक्ट करायचा, शिफ्ट धरून एफ थ्री दाबायचं. दाबत राहिलं की रूपं आळीपाळीने फिरतात, सगळं स्मॉल, सगळं कॅपिटल, आणि तिसरं म्हणजे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, किंवा सिलेक्ट केलेल्यात फुलस्टॉपवालं पूर्ण वाक्य असेल तर फक्त वाक्याचं पहिलं. हवं ते आलं की थांबायचं. एकच शब्द बदलायचा असेल तर सिलेक्टही करावं लागत नाही, कर्सर त्या शब्दात असला की पुरे. लॅपटॉपवर एफ थ्रीने भलतंच काही होत असेल तर सोबत एफएन (Fn लिहिलेलं बटण) पण धरा. पॉवरपॉइंटमधे चालतं, लिबरऑफिस रायटरमधे चालतं. एक्सेलमधे मात्र त्याच बटणांनी फंक्शनची खिडकी उघडते, तिथे अप्पर, लोअर, प्रॉपर हे फॉर्म्युले वापरायचे, किंवा शेजारच्या कॉलममधे एक नाव हवं तसं लिहून खालच्या सेलमधे कंट्रोल ई, म्हणजे बाकीची नावं तशीच आपोआप भरली जातात, २०१३ पासूनच्या एक्सेलमधे ते आहे.

मी याच्या एवढी मागे का लागते ते सांगते. आमच्याकडे एका पार्टीचं अ‍ॅग्रीमेंट आलं होतं, चार पानं, सगळं कॅप्स लॉक लावून टाइप केलेलं, आणि आमच्या एक काकू आहेत त्यांनी ते दुपारभर बसून बघून बघून परत टाइप केलं. हात चांगला आहे त्यांचा. तरी फ्लॅट नंबर ६०३ चा ३०६ झाला आणि ते सही करायच्या वेळेला कळलं, भाडेकरू विरारहून अर्धा दिवस रजा टाकून आलेला, त्याला परत यावं लागलं. मला अजून वाईट वाटतं त्याचं. जे एकदा बरोबर टाइप झालंय ते हाताने परत टाइप करूच नये, चूक तिथेच शिरते.

पण म्हणून डोळे मिटून कंट्रोल ए करून, म्हणजे सगळंच सिलेक्ट करून, दाबू नका. सगळं कॅपिटल असलेल्या पानाचं वाक्यवालं रूप केलं की नावंगावं पण स्मॉल होतात, मुंबई, म्हात्रे, अंधेरी, सगळं, कारण हे विशेषनाम आहे हे वर्डला कळत नाही. पॅन नंबरमधली सहाची सहा अक्षरं स्मॉल होतात, बँकेचा आयएफएससी कोड पण. मी आधी पूर्ण पान बदलते, मग वरून खाली येत प्रत्येक नावावर क्लिक करून शिफ्ट एफ थ्री. पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

कधीकधी कितीही दाबा, पडद्यावर काहीच हलत नाही. तेव्हा समजायचं की कोणीतरी कंट्रोल शिफ्ट ए केलंय, म्हणजे अक्षरं मुळात स्मॉलच आहेत, वरून कॅपिटलचं फॉरमॅटिंग चढवलंय. तेच कॉपी करून एखाद्या ऑनलाइन फॉर्ममधे टाकलं की खरं रूप दिसतं. सिलेक्ट करून कंट्रोल डी, फॉन्टची खिडकी उघडते, त्यात ऑल कॅप्सची टिक काढायची.

आणि मराठीचं. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नसतं, त्यामुळे युनिकोडमधल्या, म्हणजे हल्ली मोबाइलवर-इंटरनेटवर दिसते तशा मराठीला या बटणाने काही होत नाही. पण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजून येतात ना, तिथे जपा. त्यात दिसतं मराठी पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, स्मॉल डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क्. "कमल" वर शिफ्ट एफ थ्री पडलं आणि कॅपिटल झालं की तिन्ही अक्षरं अर्धी, क्, म्, ल्, आणि हे नुसतं एका शब्दाचं, पूर्ण ठराव सिलेक्ट असेल तर वाचताच येत नाही. परत शिफ्ट एफ थ्री दाबून तो ठराव जागेवर येत नाही, कारण मुळात कुठे स्मॉल होतं आणि कुठे कॅपिटल ते वर्ड लक्षात ठेवत नाही. लगेच कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं मागे घ्यायचं, दुसऱ्या कशाला हात लावायच्या आधी. काकूंच्या मॉनिटरवर मी तेवढीच एक चिठ्ठी चिकटवलीय, मराठी फाइल असेल तर आधी फॉन्टचं नाव बघा.